वर चढणारा पूल

सन २०४१. मोरंबे खाडीवरचा पूल वर्षभरात एकतीस मिलिमीटर वर चढला होता.

यशवंत आजोबांनी आकडे तिसऱ्यांदा पाहिले. पूल उन्हाने लांबतो, ट्रकखाली वाकतो. पण वर चढतो? चाळीस वर्षं पूल मोजून शिणलेल्या डोक्याला काही सुचेना. संध्याकाळी सहापर्यंत खात्याला कारण कळवलं नाही, तर पूल बंद होणार होता. मग पलीकडच्या दवाखान्यात नर्स असलेल्या त्यांच्या सुनेला रोज साठ किलोमीटरचा वळसा पडणार.

"उपग्रह चुकले असतील," नात शलाका म्हणाली.

"चुकतातच गं. उपग्रहाचा संदेश आपल्या ग्राहकाला (संदेश टिपणाऱ्या यंत्राला) किती वेळात पोचला, त्यावरून अंतर काढायचं. चार-पाच उपग्रहांची अंतरं जुळवली की आपली जागा कळते. पण वाटेत हवा संदेशाला रेंगाळवते. मीटर-दोन मीटरची चूक सहज होते."

"मग मिलिमीटर कसे मोजता?"

"दुसरा ग्राहक जवळच, न हलणाऱ्या जागी ठेवायचा. ते संदर्भस्थानक (तुलनेसाठीचं पक्कं ठिकाण). हवा दोघांनाही सारखंच फसवते. वजाबाकी केली की फसवणूक जाते, पुलाचं हलणं तेवढं उरतं."

"पुलावरचे नऊही ग्राहक चढले?"

"सगळे सारखेच."

शलाकाला काही आठवलं. "काल ओहोटीला मी होडीत बसले होते ना, तेव्हा धक्का असाच वर वर जात होता. सगळ्या पायऱ्या एकदम."

आजोबांनी अंगणाकडे पाहिलं. संदर्भस्थानक पूर्वी वरच्या कातळावर होतं. दर आठवड्याला चढून ते पुसावं लागे. गुडघे नको म्हणू लागले, म्हणून गेल्या वर्षी त्यांनीच ते अंगणात आणलं होतं. आणि अंगण म्हणजे खाडीत घातलेला भराव.

"होडीत मीच बसलोय," ते पुटपुटले.

सुटा ग्राहक घेऊन दोघं कातळ चढू लागली.

"आजोबा, तुमच्यापेक्षा गोगलगाय बरी."

"तिला गुडघे नसतात."

कातळातल्या जुन्या पितळी खिळ्यावर ग्राहक चार तास राहिला. साडेपाचला उत्तर आलं. पूल जागच्या जागी होता. अंगण एकतीस मिलिमीटर खचलं होतं.

आजोबांनी खात्याला कळवलं, "पूल ठीक आहे. पक्की जागा मी सोडली, चूक माझी."

"स्वतःचं नाव कशाला घातलंत?"

"नाहीतर पुढचाही अंगणच निवडेल."

"पुढची मी. दर रविवारी इथे कातळावर येऊन पुसेन."

"कंटाळा येईल हो."

"येईल. तरी येईन."

आजोबा कातळाला पाठ टेकून बसले. खाली शलाकाच्या आईची बस पुलावर आली. ग्राहकाच्या पडद्यावरचा पुलाचा आकडा किंचित खाली गेला आणि पुन्हा जागेवर आला.