उतरवलेलं पातेलं

शहरभर गॅसच्या शेगड्या काढून तिथे इंडक्शन बसवत हिंडणाऱ्या वायरमनच्या स्वतःच्या घरी मात्र गॅसच होता. बायको त्या बाबतीत पक्की. "मला आच डोळ्यांनी दिसली पाहिजे," एवढं म्हणायची आणि विषय संपवायची. ती दवाखान्यात नर्स होती. पेशंटच्या नातेवाइकांना गप्प करायची सवय घरीही कामी यायची.

तिची आई दोन गल्ल्या सोडून एकटी राहत होती. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. शिंपी होते, हात हलका. गॅसच्या बटणाला मात्र ते जन्मात शिवले नाहीत. तरुणपणी शेगडी पेटवताना भडका उडून दोन्ही भुवया गेल्या, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. दूध वर आलं की फडक्याची नीट घडी करायची, तिची दोन टोकं चिमटीत धरून पातेलं अलगद ओट्यावर उतरवायचं, झाकण अर्धं सरकवायचं आणि मोठ्यानं हाक द्यायची, "अगं, बंद कर!" मग बायकोनं नाहीतर लेकीनं हातातलं काम टाकून यायचं आणि बटण फिरवायचं. घरात यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. तेही हसायचे, पण बटणाला हात लावायचे नाहीत.

ते गेल्यावर सासूबाईंना विसरायला होऊ लागलं. शेगडीवर काहीतरी ठेवायच्या आणि गच्चीत कपडे वाळत घालायला जायच्या. लेक येऊन बघते तर गॅस नुसताच भडभडा जळतोय. नवल एवढंच की करपलेलं कधी काही सापडलं नाही. पातेलं ओट्यावर उतरवलेलं असायचं, झाकण अर्धं सरकवलेलं. एकदा मात्र उघड्या आचेनं खिडकीच्या पडद्याची कड जळाली.

"आई पातेलं उतरवते आणि गॅस विसरते," बायको म्हणाली. "आता पुरे. तिला इकडे आणायचं आणि त्या घराला कुलूप लावायचं."

सासूबाईंनी तोंडात पाणीही घेतलं नाही त्या दिवशी. "या वयात मला माझ्या घरातून उठवू नका गं," एवढंच म्हणत राहिल्या. "इथे मी एकटी नसते."

वायरमनला ते बघवेना. आई लहानपणीच गेलेल्या त्या माणसाला या बाईनं पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. त्यानं बायकोकडून थोडी मुदत मागून घेतली आणि सासूबाईंच्या ओट्यावर इंडक्शन बसवलं.

"आई, हे बघा. यावर भांडं असेल तोवरच ही शेगडी चालते. भांडं उचललं की टीं-टीं करते आणि मिनिटभरात आपली आपण बंद होते. बटणाला हात लावायलाच नको."

सासूबाईंनी पातेलं उचलून पाहिलं. टीं-टीं झालं, थांबलं. त्यांचा चेहरा उजळला. वायरमनच्या खांद्यावरून मागच्या खुर्चीकडे बघत त्या म्हणाल्या, "ऐकलंत ना? बटणाला हात लावायलाच नको."

जावयाला त्या नेहमीच अहो-जाहो करत. आपल्यालाच म्हणताहेत असं समजून तो "हो" म्हणाला.

नंतर सगळं सुरळीत झालं. बायको अधूनमधून अचानक जाऊन तपासायची. पातेलं उतरवलेलं, शेगडी बंद, काच गार. सासूबाई जावयाला तोंडभरून आशीर्वाद द्यायच्या, आणि आपल्या हातून एक चांगलं काम झालं म्हणून तोही खुशीत असायचा.

एका दुपारी तो सपाट बुडाची नवी कढई द्यायला तिकडे गेला. दार वाजवलं. आत रेडिओ मोठ्यानं चालू होता. कोणी उघडेना, तेव्हा त्यानं जवळच्या किल्लीनं दार उघडलं.

तेलाचा वास होता. जळकट, घशाला झोंबणारा.

आणि स्वयंपाकघरात टीं-टीं वाजत होतं.

तो धावला. जुनी कढई ओट्यावर उतरवलेली होती. आतलं तेल काळवंडून त्यातून धूर निघत होता. आणखी थोडा वेळ, आणि ते पेटलं असतं. झाकण अर्धं सरकवलेलं होतं.

"आई?"

टीं-टीं थांबलं.

कढईशेजारी फडकं पडलं होतं, नीट घडी केलेलं. त्याची दोन टोकं चिमटीत धरल्यासारखी चुरगळली होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती सावकाश सुटत गेली.

"जावईबापू..." न्हाणीघरातून क्षीण आवाज आला.

सासूबाई ओल्या फरशीवर पडल्या होत्या. पाय हलत नव्हता. "तेल बारीक आचेवर ठेवलं आणि हात धुवायला आले, तर घसरले. बातम्या लागल्या होत्या तेव्हा. गाणी संपत आली. किती ओरडले! या रेडिओपुढे कोण ऐकतंय?"

वायरमननं वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. ती शेगडी मिनिटभरच वाजते. त्यानंच तर समजावून सांगितलं होतं.

रुग्णवाहिकेत सासूबाई वेदनेतही हसल्या. "आज हाक नाही मारली ह्यांनी. म्हटलं, जमलं वाटतं."

त्यानं मान खाली घातली आणि मनातल्या मनात म्हणाला, उपकार झाले, बाबा.

खुब्याचं हाड मोडलं होतं, पण जिवावरचं टळलं होतं. संध्याकाळी नवरा-बायको घरी आले तेव्हा दोघांचा जीव भांड्यात पडला होता. बायकोनं दूध तापत ठेवलं आणि बाहेर येऊन बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"तुम्ही घाबरला होतात," ती म्हणाली. "आईनंच कढई उतरवली असेल, मग पडली असेल."

"मग ती शेगडी वाजत कशी होती?"

"ते मला माहीत नाही. पण बरी झाली की ती इकडेच येणार. त्या घरात तिला बघायला कोण..."

ती मध्येच उठली.

"हो बाबा, आले," लहानपणच्या सवयीनं ती सहज बोलून गेली आणि आत गेली.

वायरमनला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तो मागोमाग गेला. ती दारातच थांबली होती. पातेलं ओट्यावर होतं, झाकण अर्धं सरकवलेलं. शेजारी गॅस नुसताच जळत होता.

मग पुढे होऊन तिनं बटण फिरवलं आणि डोळे पुसले.

"आईला तिच्याच घरी राहू दे," ती म्हणाली. "आणि उद्या ती शेगडी इथेही बसवा. किती हाका मारायला लावायच्या त्यांना?"