निळा झगा

गावोगाव फिरणाऱ्या त्या चित्रकाराला चित्रात माणसांची पावलं काढणं काही जमत नसे. म्हणून तर त्याने एल्शेचा निळा झगा पार जमिनीला टेकवला, शेजारी एक रिकामी खुर्ची रंगवली आणि लिसबेतच्या हातची गरम वाफल्स खाऊन तो हडसन नदीच्या काठाने अल्बनीकडे चालता झाला. एल्शे तेव्हा हयात नव्हती. घशाच्या साथीत तीन वर्षांची पोर चार दिवसांत गेली होती. चेहरा त्याने तिच्या आईने, लिसबेतने, सांगितला तसा काढला. झगा खुंटीवरचा बघून.

दुसऱ्या वर्षी, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत, लिसबेतला झग्याखाली बुटांची टोकं दिसली.

"अहो, हिचे पाय!"

"रंग तडकलाय, दुसरं काय," नवरा बारेंट म्हणाला.

"रंगाला कधी बूट फुटतात का हो?"

त्या दिवसापासून बारेंट चित्राकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

पाचव्या वर्षी, न्यूयॉर्कात नवा गव्हर्नर आला तेव्हा, पोरीचे घोटे उघडे पडले. लिसबेतचा जीव तीळतीळ तुटे. वाढत्या अंगासाठी तिनेच झग्याच्या आत वीतभर कापड दुमडून ठेवलं होतं. पण तिकडे ते उसवून देणार कोण? पोर एकटी! थंडीत लिसबेत चित्राखाली निखाऱ्यांची शेगडी नेऊन ठेवी, आणि सासूबाई बघून न बघितल्यासारखं करत.

सासूबाई डावखुऱ्या. टाके उलटे तिरपे, पण लोखंडासारखे पक्के. शिवणावरून दोघींचं जन्मभर वाजायचं. "तुझा डावा खांदा मेला उतरता," त्या करवादत, "झगा बेतताना डोकं फिरतं माझं!"

नदी गोठली त्या आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं.

"सासूबाई," लिसबेत कानाशी वाकली, "एल्शेचा झगा फार आखूड झालाय हो."

"मला काय डोळे नाहीत? सुई-दोरा घाल माझ्या खिशात. निळा घाल. तुझ्या टाक्यांनी पोतंसुद्धा टिकत नाही."

शवपेटीचं झाकण लागायच्या आत लिसबेतने सुई आणि निळ्या दोऱ्याचं रीळ त्यांच्या खिशात सरकवलं.

दफनानंतर तिसऱ्या सकाळी मक्याची लापशी ढवळता ढवळता ती सहज वळली. झगा बुटांवर आला होता. जुन्या दुमडीची फिकट रेघ, आणि खाली उलटे तिरपे टाके.

लिसबेत पोटभर रडली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला सुखाचं रडू आलं.

"आहे गं बाई," ती पुटपुटली, "तिच्याजवळ कुणीतरी आहे."

डोळे पुसून तिने पुन्हा वर पाहिलं.

खुर्ची आता रिकामी नव्हती. तिच्यावर आणखी एक निळा झगा होता. मोठा, बाईमाणसाचा. डावा खांदा जरासा उतरता बेतलेला.

फक्त बाह्या लावायच्या राहिल्या होत्या.