बाबांचा खडू

ही गोष्ट खोटी निघाली तर सगळ्यांत जास्त आनंद मलाच होईल. पण ती घडली आहे, माझ्याच बाबतीत, आणि तिच्यात माझी बाजू सांगण्यासारखी नाही.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. दुपारचे तीन. लख्ख ऊन होतं, त्यामुळे अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही.

पण आधीचं सांगतो.

बाबा गेले आणि मागे त्यांची एकवीस वर्षांची गाडी राहिली. ती धाकट्या बहिणीला द्यायचं ठरलं. तिला लांबच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती. "रविवारी गाडी तुझ्या दारात!" असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगून बसलो होतो.

बाबांची एक सवय होती. वर्षातून एकदा ते गाडीखाली आडवे व्हायचे आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जायचे. चांगला पत्रा टण्ण वाजतो. गंजलेला थप्प. थप्प वाजलं की त्या जागी खडूने गोल. "आले डॉक्टर तपासायला," आई म्हणायची. आम्ही हसायचो.

गॅरेजवाले काका बाबांच्याच वयाचे. त्यांनी गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. ड्रायव्हरच्या सीटखाली खडूचा पुसट गोल होता.

बाबांचा शेवटचा.

"हे बघ," काका म्हणाले, "गंज खरवडायचा, कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, मग वरून मेणाचं तेल फवारायचं. आठ दिवस लागतील. नाहीतर हा डांबरासारखा काळा कोट फासायचा. तासाभरात गाडी नव्यासारखी. पण गंजावर कोट मारला की पाणी आत अडकतं. वरून दिसत काही नाही, आतून पत्रा सडत राहतो."

"काही दिवस तरी धरेल ना?"

"चालवणार कोण?"

"मीच."

किती सहज आलं ते तोंडात!

"बघ बाबा, मग तुझी मर्जी," म्हणत काकांनी कोट मारला.

रविवारी बहिणीने वाकून गाडीखाली पाहिलं. सगळं काळंभोर, गुळगुळीत. "दादा, किती केलंस रे माझ्यासाठी!" तिचे डोळे भरून आले. मी नुसता हसलो.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला.

"दादा, गाडीखालून कुणीतरी ठोकतंय."

"खडे उडत असतील."

"अरे, सिग्नलला उभी असते तेव्हा! टण्ण, टण्ण करत मागून पुढे येतं. माझ्या सीटखाली आलं की आवाज बदलतो... आणि थांबतं."

"कसा होतो?"

"थप्प."

तरी मी गाडी परत आणली नाही. आणली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

मग तो मंगळवार. बहीण घरी आली होती. ती आणि आई आत बोलत होत्या. मी अंगणात, गाडीपाशी. इंजिन बंद. किल्ली माझ्या हातात.

टण्ण...

मी हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

टण्ण... टण्ण...

मी गुडघ्यांवर बसून खाली पाहिलं.

कुणीच नव्हतं.

पण प्रत्येक ठोक्याला पत्रा थरथरताना दिसत होता. आवाज पुढे सरकत सीटखाली आला.

थप्प.

मग त्या काळ्या कोटावर एक पांढरी रेघ उमटली. हळूहळू वळत गेली. गोल पूर्ण झाला, आणि खडूची पांढरी पूड जमिनीवर पडली. आणि गाडीखालून एक खोकला ऐकू आला... कोरडा, बारीक. तो खोकला मी चाळीस वर्षं ऐकला होता.

गाडी चालवायची हिंमत झाली नाही. ओढून गॅरेजात नेली. काकांनी गोलात बोट टेकवलं. बोट सरळ आरपार गेलं.

"सीटचे बोल्ट नुसत्या कोटावर टिकलेत. एखादा मोठा खड्डा लागला असता, तर सीटसकट..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. गाडी ओढून न्यायला आईनेच त्यांना फोन केला होता, तेव्हा गाडी कोण चालवतं तेही सांगितलं होतं. माझ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "तूच चालवणार होतास ना रे?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

या वेळी आठ दिवस लागले. गाडी ठणठणीत झाली. ठोकणं बंद झालं.

बहिणीने विचारलं, "दादा, तुला आधी माहीत होतं?"

"छे गं! काकांनीच कोट मारून दिला. मला काय कळतंय त्यातलं?"

ती तणतणत गॅरेजात गेली. चार लोकांसमोर काकांना नाही नाही ते बोलली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. माझं नाव एकदाही घेतलं नाही. आता आमच्या ओळखीतलं कुणी त्यांच्याकडे गाडी नेत नाही.

ते परवा रस्त्यात दिसले. मी समोरची गल्ली गाठली.

आता ठोकणं माझ्या घरात आहे. दारापासून सुरू होतं. फरशी टण्ण वाजते, टण्ण वाजते... आणि माझ्या खुर्चीखाली थप्प. फरशी नवी आहे, खाली भक्कम काँक्रीट आहे. तरी थप्प. सकाळी खुर्चीभोवती खडूचा गोल असतो. मी ओल्या फडक्याने पुसतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच.

बहीण असल्या गोष्टी वाचत नाही, घाबरते. म्हणूनच इथे लिहिलं. वाटलं होतं, खरं काय ते कुणालाही सांगितलं तरी चालेल, ठोकणं थांबेल.

पण आत्ता, हे लिहिता लिहिता, दारापाशी...

टण्ण.