झाकणावरचं प्लॅस्टिक

भर दुपारी बारा वाजता सिस्टर उर्मिला शेलार लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड आणखी कमी करत होती. पडदा आधीच इतका मंद झाला होता की आकडा वाचायला नाक टेकवावं लागत होतं. बॅटरी नऊ टक्के. 'काटकसर' सांगत होती, अजून पन्नास मिनिटं.

'काटकसर' हा या नव्या लॅपटॉपांमधला प्रोग्रॅम. माणसाच्या सवयी शिकायच्या आणि जे वापरात नाही ते एकेक करून झोपवायचं, हे त्याचं काम. त्यामुळे एका चार्जिंगवर लॅपटॉप चार-चार दिवस चाले. जलाशयापलीकडच्या या आरोग्य उपकेंद्रात त्याचं कोण कौतुक होतं! पण परवाच्या वादळात विजेचे खांब आडवे झाले, काल इन्व्हर्टरनं मान टाकली आणि आज पहाटे रेश्मा सातव्या महिन्यातच बाळंत झाली.

बाळ सव्वा किलोचं. इतक्या कच्च्या जिवाला मधूनच श्वास घ्यायचं भान राहत नाही. म्हणून त्याच्या छातीवर श्वासपट्टा होता. श्वास थांबला की लॅपटॉप तळपायाच्या पट्टीला हलकी टिचकी मारायला लावी आणि बाळ दचकून पुन्हा श्वास घेई. पहाटेपासून अकरा वेळा असं झालं होतं. दवाखान्याची लाँच यायची होती संध्याकाळी पाचला.

"आवाज बंद केला, नेट बंद केलं, कॅमेरा बंद केला," उर्मिला चिडून म्हणाली. "आता काय मीच बंद पडू?"

रेश्मा ग्लानीत होती. तिची सासू तानूबाई बाळाला उघड्या छातीशी धरून बसली होती. "शिस्टर, ह्यो डबा बंद पडला मंग?"

"मी आहे ना, मावशी."

"तुमी दोन दिस झालं झोपला न्हाईसा. आन मला मेलीला मोतीबिंदू. श्वास कुनी बगायचा ओ?"

उर्मिलानं चेहऱ्यावर गार पाण्याचा हबका मारला. तिचे डोळे मघाशी बसल्याबसल्या दोनदा मिटले होते, हे तिलाच ठाऊक होतं.

पडद्यावर अक्षरं उमटली. 'चाळीस मिनिटांत श्वास थांबलेला नाही. पाहणी निम्मी करू?' तिनं 'नको' दाबलं आणि सिस्टरच्या तोंडी शोभणार नाही अशी शिवी हासडली.

मग तिची नजर लॅपटॉपच्या झाकणावरच्या क्रोशाच्या कव्हरावर गेली आणि ती ताडकन उठली. हे झाकण उन्हावर लॅपटॉप चार्ज करणारं होतं! प्रशिक्षणात तसं सांगितलंही होतं. पण वर्षअखेरच्या तपासणीत वस्तूवर ओरखडा दिसला की लेखी खुलासा मागत. त्यामुळे तालुक्यातल्या एकाही सिस्टरनं झाकणावरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक काढलं नव्हतं. वरून कव्हर. दोन वर्षांत त्या झाकणानं ऊन पाहिलं नव्हतं.

तिनं कव्हर भिरकावलं, नखांनी प्लॅस्टिक ओरबाडून काढलं, सगळ्यांना ओसरीच्या सावलीत आणलं आणि झाकण उन्हात धरलं. बॅटरी आठ टक्के. आकडा जागचा हलेना.

'सौर झाकण सातशे दिवस वापरात नव्हतं, म्हणून झोपवलं आहे,' काटकसरीनं कळवलं. 'जागं करण्यासाठी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल. वेळ सहा मिनिटं. त्यात अंदाजे सात टक्के बॅटरी खर्च होईल.'

ती वाचत होती तेवढ्यात आठाचे सात झाले.

तिला रडू फुटलं. मध्येच बॅटरी संपली तर लॅपटॉप उठणारच नव्हता. नाही केलं, तर जेमतेम अर्धा-पाऊण तास आणि पुढचे चार तास हे पेंगुळलेले डोळे. "मावशी, सहा मिनिटं हे यंत्र बघणार नाही. मी बघते. माझ्याशी बोलत राहा, मला झोपू देऊ नका."

"दाबा बाई," तानूबाई म्हणाली.

पडदा काळा झाला. उर्मिलानं बाळाच्या छातीवर बोट टेकवलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला छाती थांबली. तिनं तळव्याला टिचकी मारली, बाळ दचकलं. चौथ्याला पुन्हा थांबली. टिचकी. पुन्हा टिचकी. पडदा काळाच होता.

"घेतोय का ओ श्वास?" तानूबाईनं विचारलं.

बोटाखाली काहीतरी हलत होतं, अगदी बारीक. उर्मिलानं सगळा जीव त्या बोटात आणला. हे बाळ हलतंय, की आपलाच हात थरथरतोय?