टीव्हीतलं पाचवं गाव

"ओला आहे," मी म्हटलं.

"कोण, मी?" ट्रकच्या खिडकीतून तो म्हणाला.

"गहू! यंत्र चौदा टक्क्यांच्या वर ओल दाखवतंय. घेता येणार नाही. परत न्या."

गव्हाच्या कोठारावर मी वजनकाटा सांभाळते. सुगीत दिवसाला शंभर ट्रक येतात आणि शंभर ड्रायव्हर हुज्जत घालतात. याने घातली नाही. खाली उतरला, मागून मूठभर गहू घेतला, तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत सावकाश चावायला लागला. आमच्या कॅन्ससमध्ये सगळेच असं करतात. दाणा कटकन फुटला तर गहू वाळलेला. पण चावताना असं टक लावून कोणी बघत नाही.

"फुटला की कटकन," तो म्हणाला.

"दात चांगले आहेत तुमचे. पण इथे यंत्राचं ऐकतात."

"परत गेलो की मालक ओरडणार. इथे थांबलो तर तुम्ही ओरडणार. कोणाचं ओरडणं बरं?"

"मी ओरडत नाही."

"मग थांबतो," म्हणाला आणि खरंच थांबला... मेला!

त्याचं नाव ग्रेडी. ओक्लाहोमाचा. हार्वेस्टरवाल्यांच्या टोळीत होता, कधी ट्रकवर, कधी मशीनवर. ही माणसं मे महिन्यात टेक्सासपासून निघतात आणि गहू जसजसा पिकत जातो तसतशी उत्तरेला सरकतात, थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत. आमच्या वाट्याला त्यांचे अकरा दिवस येतात. तिसऱ्या दिवशी ग्रेडी मला 'तू' म्हणायला लागला. सातव्या दिवशी मी त्याच्या ट्रकची वाट बघायला लागले. अकराव्या दिवशी गहू संपला.

जाताना काट्याच्या खिडकीशी उभा राहिला. टोपी हातात. "हवा कोरडी असली की आम्ही मशीन थांबवत नाही, जनेल. श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि शेतात फोन लागतही नाही. पण पाऊस आला की काम बंद... पाऊस आला की मी गावात येऊन फोन करीन."

एवढंच. त्यात 'तू मला आवडतेस' कुठे होतं? कुठेच नव्हतं. पण मला ते लख्ख ऐकू आलं.

घरी मी आणि पप्पा, दोघंच. पप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे दिवसभर खुर्ची आणि टीव्ही. आमच्या टीव्हीत हवामानाचं एक ॲप आहे. रिमोटचं लाल बटण दाबलं की चालू कार्यक्रम कोपऱ्यात आक्रसतो आणि बाकी पडदाभर हवामान येतं. पिनकोड घालून पाच गावं साठवता येतात. प्रत्येक गावापुढे सूर्य नाहीतर ढग, आणि ढगाखाली तीन निळे थेंब असले की पाऊस. पप्पांची पाच ठरलेली होती. आमचं गाव, आमच्या लांबच्या शेताजवळचं गाव, टेक्सासच्या काकांचं गाव, फीनिक्स (तिकडे राहायला गेलेला मित्र किती भाजून निघतोय ते बघून खूश व्हायला) आणि होनोलुलू. होनोलुलू का, ते त्यांनाच ठाऊक.

मी होनोलुलू काढलं आणि तिथे नेब्रास्कातलं ओगलाला घातलं. ग्रेडीचा पुढचा मुक्काम.

"माझं होनोलुलू कुठे गेलं?" संध्याकाळी पप्पांनी विचारलं.

"बघू... अय्या, गेलं वाटतं."

"आणि हे ओगलाला कशाला?"

"असंच हो, पप्पा."

"ओगलालाला असंच कोणी जात नाही," पप्पा म्हणाले आणि पुन्हा बेसबॉल बघायला लागले.

नवव्या दिवशी ओगलालापुढे तीन थेंब उमटले. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. दुपारी फोन वाजला.

"पाऊस पाडलास ना?" ग्रेडी हसत होता.

"मी कशाला पाडू? मला काय कामं नाहीत?"

"मग पहिल्या घंटीला फोन कसा उचललास?"

"हात... हात जवळच होता."

"बरं. तो हात तसाच जवळ ठेव."

असा तो उन्हाळा. ओगलाला काढून दक्षिण डाकोटातलं ओनायडा घातलं, ओनायडा काढून उत्तर डाकोटातलं हेटिंगर. गाव उत्तरेला सरकत होतं आणि मी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी लाल बटण दाबत होते. सूर्य, सूर्य, सूर्य. आमच्या माणसांत पिकलेल्या गव्हावर पाऊस मागण्याइतकं मोठं पाप नाही. पण जुलैत चर्चमध्ये सगळेजण ज्वारीसाठी पाऊस मागत होते, तेव्हा मीही हात जोडून मागितला. फक्त गाव वेगळं सांगितलं.

हेटिंगरला दोन दिवस पाऊस झाला. ग्रेडीचा आवाज मात्र वेगळा होता.

"पुढे माँटाना. शिनूक. तिथे एक म्हातारा शेतकरी आहे, मूलबाळ नाही. म्हणतो, कायमचा राहा, घर देतो, शेत तू बघ. पुढच्या शुक्रवारी त्याला उत्तर द्यायचंय."

मला 'नको' म्हणायचं होतं. आणि तोंडातून काय निघावं? "राहा की मग! चांगलंच आहे."

"राहू?"

"म्हणजे... तुझं तू बघ. मी कोण सांगणारी?"

त्याच्या मागे पाऊस वाजत होता. "हं," तो म्हणाला. "बघतो." आणि फोन ठेवला.

असं का बोलले मी? मला वाटलं होतं, तो म्हणेल, 'तू थांबवलंस तर थांबतो.' त्याला वाटलं असेल, मी म्हणेन, 'जाऊ नकोस.' दोघं एकमेकांची वाट बघत बसलो आणि घर मात्र माँटानातल्या म्हाताऱ्याने देऊ केलं.

पाचवं गाव आता शिनूक. सोमवारी सूर्य. मंगळवारी सूर्य. बुधवारी तर असा पिवळाधमक की रिमोट फेकून मारावासा वाटला. आणि गुरुवारी सकाळी... तीन निळे थेंब!

मी रजा टाकली. केस धुतले. फोनवर बोलायला केस धुतले, सांगायलाही लाज वाटते. दहा वाजले, बारा वाजले, चार वाजले. शिनूकला पाऊस पडत होता आणि फोन गप्प होता.

म्हणजे ठरलं. पाऊस असून फोन नाही, याचा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. डोळे भरून आले. मी रिमोट घेतला.

"काय करतेस?" पप्पांनी विचारलं.

"तुमचं होनोलुलू परत घालते."

"राहू दे. शिनूकला पाऊस आणि त्याचा फोन नाही, असंच ना?"

"तुम्हाला कोणी..."

"दोन महिने याच टीव्हीसमोर बसलोय. आंधळा आहे का मी?" पप्पा खुर्चीत कण्हत पुढे सरकले. "परवा या टीव्हीने आपल्या लांबच्या शेताजवळ पाऊस दाखवला. आपल्या ज्वारीवर पडला का?"

"नाही. गावात पडला."

"ते गावातला पाऊस दाखवतात, शेतातला नाही. आणि माँटानात गावापासून शेत चाळीस मैल. तुझा तो पोरगा धुळीत हार्वेस्टर हाकत असेल. आयुष्य गव्हात गेलं तुझं, आणि हे मी सांगायचं?"

मी रिमोट खाली ठेवला.

"फोन कर," पप्पा म्हणाले. "उद्या शुक्रवार आहे."

कोरड्या दुपारी हार्वेस्टरवाल्याला फोन? आमच्याकडे घरात कोणी गेलं तरच असा फोन करतात. पण केला. टोळीच्या मालकाची बायको, लोर्ना, शेताच्या कडेला गाडीत सगळ्यांचा स्वयंपाक करते. तिच्याकडे शेतातही लागणारा सॅटेलाइट फोन असतो; त्याचा नंबर ग्रेडीने अडीअडचणीला म्हणून दिला होता.

"पाऊस?" लोर्ना म्हणाली. "कसला पाऊस, बाई! माझ्या बटाट्यांवर धूळ बसलीये बोटभर. ग्रेडी मशीनवर आहे."

"त्याला एक निरोप..."

"निरोप मी पोचवत नाही. मागून लोक म्हणतात, असं नव्हतंच म्हणायचं. वॉकीटॉकीला फोन लावून धरते. तूच बोल."

"पण ते सगळ्यांना ऐकू..."

"जातं. चार हार्वेस्टर, तीन ट्रक आणि माझा नवरा. बोल, कढई जळतेय माझी."

खरखर झाली. मग मशिनींची घरघर. मग त्याचा आवाज, "कोण?"

"ग्रेडी... मी जनेल."

घरघर तशीच. पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मी राहा म्हटलं होतं ना... खोटं होतं ते. राहू नकोस तिथे. तू पावसातच फोन करतोस आणि मी... मी दुसऱ्यांच्या गव्हावर पाऊस मागते रे! मला नको असं. मला कोरड्या दिवशीही तुझा आवाज हवाय. रोज हवाय."

कोणीतरी लांबलचक शीळ घातली. मग मालक खेकसला, "दोन नंबर! मशीन का थांबली? ऊन आहे अजून!"

"मी थांबवली," ग्रेडी म्हणाला. "दहा मिनिटं द्या, मालक."

"पाच."

"जनेल," ग्रेडीचा आवाज आता अगदी जवळ आला. "सकाळीच तो म्हातारा येऊन गेला. उत्तर मागत होता."

"काय... काय सांगितलंस?"

"म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. चार दिवस आभाळाकडे बघतोय मी. एक सर आली असती तर तुला पुन्हा विचारणार होतो."

मला हसू आलं आणि रडूही.

"मग आता विचार ना."

"काय विचारू? तू तर सगळ्या टोळीसमोर सांगून टाकलंस!" तो हसला. मग हळूच, जरा अडखळत म्हणाला, "मलाही रोज हवाय, जनेल. म्हाताऱ्याला आज संध्याकाळीच नाही म्हणून सांगतो. रविवारी इथला गहू संपतो. मग दोन दिवसांचा रस्ता."

"मंगळवार."

"मंगळवार."

मागची घरघर एकेक करून थांबली होती; सगळी टोळी ऐकत होती. मी नुसता फोन कानाला घट्ट लावून धरला. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"पाच मिनिटं झाली," मालक म्हणाला. एकही मशीन सुरू झाली नाही. मालकाने घसा खाकरला. "बरं... घ्या अजून पाच."