शनिवारची जादा उष्णता

"देच्को, आजही जादा निघाली. लगेच ये," एवढं बोलून ल्यूबेनने फोन ठेवला.

देच्को चरफडतच निघाला. पोलिसातून निवृत्त होऊनही नशिबी चौकशीच. तासाभरापूर्वीच तर दोघं बुद्धिबळाचा डाव आटपून क्लबातून उठले होते.

ल्यूबेनच्या तळघरात थर्माकोलची मोठी पेटी होती. तिच्यात पाण्याचा डबा, डब्यात निकेलची पूड आणि तापणारी तार. तारेने दिली त्याहून जास्त उष्णता पाण्यात उतरायची, पण फक्त शनिवारी. सोमवारी राजधानी सोफियाहून शास्त्रज्ञ तपासायला येणार होते. मागे एकदा ते हसून गेले होते. पुन्हा हसं झालं तर ल्यूबेन गावात तोंड दाखवणार नव्हता.

तीन आठवडे देच्कोने तापमापक तपासला, पाणी तोललं, तारा उकलल्या. चूक कुठेच नाही. त्याचं डोकं पिकलं होतं.

"तार बंद ठेवून पाहिलंस?"

"गेल्या शनिवारी वीजच गेली होती. नोंदयंत्र बॅटरीवर चाललं. तरी पाणी तापलं," ल्यूबेन खुशीत म्हणाला.

देच्कोला ती खुशी मुळीच आवडली नाही. "आणि उष्णता आलीच नाही, असे शनिवार?"

ल्यूबेनने नाखुशीने वही चाळली. "ईस्टरच्या आधीचे सात. पूड दमली असणार."

"त्या सात आठवड्यांत जेवायला काय होतं?"

"घेवडा. दुसरं काय? राय्नाचा उपास. दूध, अंडं, मांस, सगळं बंद."

देच्कोने ल्यूबेनच्या बायकोला, राय्नाला, खाली बोलावलं. शनिवारी बहिणीकडून दूध येतं का, असं विचारलं. येतं, ती म्हणाली.

"आणि हा क्लबात गेला की दही कुठे लावतेस?"

तिने पेटीकडे पाहिलं. "तिथेच. अशी ऊब घरात दुसरीकडे कुठे आहे? तीन तासांत घट्ट लागतं. हा यायच्या आत बरण्या काढून घेते."

देच्को थकून बाकावर बसला. "गरम दुधाच्या बरण्या डब्याला टेकून बसायच्या, ल्यूबेन. पाणी त्यांनी तापवलं. म्हणून वीज गेली तरी तापलं, आणि उपासात तापलं नाही."

वीस महिन्यांच्या मेहनतीवर अक्षरशः विरजण पडलं होतं. ल्यूबेनचे डोळे भरले.

"एकदा विचारायचं तरी होतंस, राय्ना."

"विचारलं होतं. तू पाणी मोजत होतास. 'हं' म्हणालास."

 'सोमवारी येऊ नका' असं शास्त्रज्ञांना कळवायला ल्यूबेनने नंबरांची वही उघडली.