कॅरिअरवरचा दगड

हे खरं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

डिसेंबर १९९९. किन्हवली. भर दुपारी घडलेलं.

मी आणि माझा चुलतभाऊ जगदीश शहापूरहून सायकलने माळशेजला निघालो होतो. तंबू, स्टोव्ह, कपडे सगळं मागच्या कॅरिअरवर. किन्हवलीत जगदीशच्या अॅल्युमिनियमच्या कॅरिअरचा पाय तुटला, चाकात घुसला.

घाटात तुटला असता तर जगदीश मेलाच असता.

म्हणून सांगतो. कॅरिअर घेताना पहिलं बघायचं ते सळई. बोटाएवढी जाड हवी.

दुसरं, पाय. दोन्ही बाजूंना दोन-दोन, चाकाच्या अॅक्सलपर्यंत.

तिसरं...

थांबा.

किन्हवलीतल्या रंगू सायकलवाल्याच्या दुकानात भिंतीवर अगदी तसंच कॅरिअर टांगलेलं होतं. लोखंडी. जुनं. त्यावर तारेने एक दगड बांधलेला.

"ते इकाया नाय," रंगू म्हणाला.

"का?"

"आमच्या गावच्या नामाला यावरच दवाखान्यात नेत व्हते. वाटेत गेला. मेलेला मानूस वाहिला का आमी दगड बांधतो. जागा रिकामी दिसली का तो परत बसतो."

जगदीश हसला. "बसू दे. भाडं घेईन."

तासभर त्याने रंगूचं डोकं खाल्लं. शेवटी रंगूनेच कॅरिअर बसवलं. नट असे आवळले, जसा कुणाचा गळाच आवळतोय.

"उसना ने. दगडासकट परत आन. नायतर तोंड दाखवू नको."

तुम्ही लांब सायकल चालवली नसेल तर कळणार नाही. आम्ही साबणाची वडीसुद्धा अर्धी कापून नेतो.

गावाबाहेर जगदीशने तार कापली. "दोन किलो वाचले रे!"

दगड शेतात गेला. सामान त्याने पुढे हँडलला बांधलं. चढावर ढकलायला सोपं, म्हणे; घाट चढलो की मागे बांधू.

मागे काहीच नव्हतं.

धसईच्या अलीकडे रस्ता उखडलेला. लाल धूळ. जगदीश पुढे, मी मागे.

"जड चाललीय रे..."

मी त्याच्या मागच्या टायरकडे बघितलं. हवा भरलेली. तरी टायर... दबलेला.

मग धुळीकडे.

टायरची एक रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना... आणखी दोन.

टाचा ओढत नेल्यासारख्या.

"जगदीश, उतर!"

"काय?"

"उतर म्हणतो ना!"

पुढे उतार लागला.

बाजूच्या दोन्ही रेघा एकदम थांबल्या.

पाय वर घेतले होते.

जगदीशने दोन्ही ब्रेक दाबलेले मला दिसत होते. सायकल वेगच घेत गेली. मोरीच्या कठड्यावर...

जगदीश गेला.

फ्रेम वाकली. चाकं गेली. कॅरिअरवर ओरखडा नाही.

मी ते परत दिलं. दगडाशिवाय.

रंगूने शिवी दिली नाही. अंगणातून दगड आणला. बांधला.

मग दुसरा आणायला गेला.

"दुसरा कशाला?" मी विचारलं.

त्याने तोही पहिल्याशेजारी बांधला.

२००७ मध्ये रंगू वारला. मी दुकानात गेलो. भिंत मोकळी. नवा मालक टायर टांगत होता.

"ते कॅरिअर? मजबूत व्हतं. गिऱ्हाईक घेऊन गेलं."

"आणि दगड?"

"दोन व्हते. टाकले."

कोणी नेलं, त्याला आठवत नाही. माझ्या जगदीशला घेऊन कोण फिरतंय, मला माहीत नाही.

तिसरं राहिलं.

घेण्याआधी ते रिकामं आहे का, बघा.